मेढीच्या अंगाला

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे.

नेकनूरच्या थांब्यावर मी एस.टी.तून उतरले, तेव्हा माझ्या सॅकमध्ये तीन फोन, दोन पॉवर बँका, फोन गळ्यात अडकवायच्या चार दोऱ्या आणि एक रेघांची वही होती. डोक्यात एक आकडा होता : चौऱ्याऐंशी. पुण्याच्या प्रयोगशाळेत आमचा प्रोग्रॅम शंभर वस्तूंपैकी चौऱ्याऐंशी वस्तूंची जागा बरोबर सांगत असे. तो आकडा नव्वदीच्या पुढे न्यायचा आणि जानेवारीतल्या परिषदेत मांडायचा, या एकाच हेतूने मी बालाघाटाच्या पठारावर आले होते. हे आधीच कबूल केलेले बरे.

माझ्या संशोधनाचा विषय सांगायला सोपा आहे. एखादी वस्तू कुठे आहे हे माणूस शब्दांनी सांगतो, तेव्हा तो नेमके काय करतो, याचे गणित मांडायचे. ‘चष्मा कुठे आहे?’ या प्रश्नाला ‘टेबलावर, वर्तमानपत्राच्या डावीकडे’ असे उत्तर देताना आपण कितीतरी निर्णय घेऊन मोकळे झालेले असतो. आधाराला वर्तमानपत्रच का घेतले, शेजारचा दिवा का नाही? डावी बाजू कोणाची, सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची? ‘जवळ’ म्हणजे किती जवळ? संगणकाला हे सगळे शिकवावे लागते. आमचा प्रोग्रॅम फोनच्या कॅमेऱ्यातून खोली पाहतो, विचारलेली वस्तू शोधतो आणि मराठीत बोलून तिची जागा सांगतो. ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी तो केला आहे, असे आम्ही प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लिहितो. मात्र आजवर त्याची परीक्षा डोळे असलेल्या विद्यार्थ्यांनीच घेतली होती, तीही टेबलाशी बसून.

आमच्या इमारतीत विजेची कामे करणाऱ्या एका गृहस्थांनी तो आवाज ऐकला आणि ते म्हणाले, ‘माझ्या बहिणीच्या सासूला हे दाखवा.’ तेवढ्या ओळखीवर मी आले होते.

त्यांच्या बहिणीचा नवरा अंगद मोटरसायकल घेऊन थांब्यावर उभा होता.

“तुमी त्या मशीनवाल्या ताई ना? बसा. ब्याग मंदी ठिवा. अन् रस्त्यानं बोलू नका.”

“का?”

“लई खड्डे हायेत. मागच्या पावण्यानं जीभ चावून घेतलीय.”

वस्ती आठ-दहा घरांची. अंगदचे घर दोन खोल्यांचे. भिंती दगडमातीच्या, वर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले धोंडे. पुढच्या खोलीच्या मधोमध छपराचा भार पेलणारा बाभळीचा खांब होता. इकडे त्याला मेढ म्हणतात. तळहात टेकतात त्या उंचीवर तो अगदी गुळगुळीत झाला होता. मेढीला टेकून कौसाबाई, म्हणजे अंगदची आई, शेंगा फोडत बसल्या होत्या. काचबिंदूने त्यांची नजर जाऊन चार वर्षे झाली आहेत. पावलांच्या आवाजावरून त्यांनी मान माझ्याकडे नेमकी वळवली.

“आली का माय? पायांतलं काढू नकु, आत खडे हायेत. जरा हिकडं ये, हात बगू.”

त्यांनी माझा हात चाचपला, बोटांची टोके दाबून पाहिली आणि निर्णय दिला : “भाकरीचा हात न्हाई हा.”

निर्णय बरोबर होता.

बहीण, म्हणजे मुक्ता, माझ्याच वयाची. चहा हातात देताच तिने विषय काढला. मला हे आवडले.

“ताई, आमाला मंगळवारी सांजच्याला मुकादमाला सांगायचंय. तवर तुमची मशीन काय म्हणती ते कळाया पायजे.”

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकट्याला तेथे अर्धा कोयता म्हणतात. सासूची नजर गेल्यावर पहिली दोन वर्षे मुक्ता नवऱ्याबरोबर गेली होती. दुसऱ्या वर्षी कौसाबाईंनी गोडेतेल समजून फवारणीच्या औषधाची बाटली उचलली. बाटली तव्यावर कलंडण्याआधी वास आला, म्हणून त्या वाचल्या. त्यानंतरचे दोन हंगाम मुक्ता घरी राहिली आणि अंगद अर्धा कोयता म्हणून परक्या टोळीत, परक्या माणसाच्या जोडीने राबला. यंदा मुकादमाने स्पष्ट सांगितले होते : पूर्ण कोयता येत असेल तर जागा आहे, नाहीतर दुसरी जोडी बघतो. दोघे गेले तर कौसाबाई पाच महिने या घरात एकट्या.

“मी म्हणते जावा,” कौसाबाई म्हणाल्या. “माझ्यापायी घर अडलंय.”

“आत्या, तुमी गप बसा. तुमी मागच्या टायमालाबी आसंच म्हणलं हुतं.”

“वास आला की मला!”

“दर टायमाला येतो का वास?”

माझ्या संशोधनाचा कोणाच्या घराशी इतका सरळ संबंध यावा, याची मला सवय नव्हती. मी वही उघडली. मुक्ताने वस्तू सांगितल्या, मी लिहिल्या : काडीपेटी, मीठ, गोळ्यांची डबी, तवा, काठी, चार्जर, अंग पुसायची दस्ती, गोडेतेल. वीस झाल्या. मी त्यांत एक चेंडू घालू पाहत होते, कारण प्रयोगशाळेत चेंडू नेहमी असतो. “चेंडू कावून?” मुक्ताने विचारले. मी चेंडू खोडला.

त्याच दिवशी दुपारी

फोन कौसाबाईंच्या गळ्यात अडकवला, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. पहिला प्रश्न काडीपेटीचा.

“काडीपेटी लाल बादलीच्या उजवीकडे आहे,” फोन म्हणाला.

कौसाबाईंनी अत्यंत सभ्यपणे विचारले, “अन् बादली कुठंय?”

फोन गप्प. असा प्रश्न त्याला कोणी शिकवलेला नव्हता.

“बादली तर मुक्तानं सकाळी भाईर नेलती.”

“आता आणलीय आत्या, आत.”

“मग आत म्हंजी कुठं?”

बादली मोठी, लाल आणि उठून दिसणारी. आमच्या गणितात आधाराची वस्तू याच कसोटीवर निवडली जाते : डोळ्यांत भरेल ती. पण ही बादली डोळ्यांत भरून कौसाबाईंना काय उपयोग? त्यातून आवाज जिकडून येई तिकडे त्या वळत. वळल्या की त्यांची उजवी बाजू दुसरीकडे जाई आणि फोन मात्र मघाच्याच उजवीला धरून बसे. वीस वस्तूंपैकी सतरांची जागा फोनने बरोबर सांगितली. कौसाबाईंना सापडल्या नऊ.

एकाच प्रयोगातून दोन आकडे निघाले होते. मी आजवर फक्त पहिला मोजत होते.

“तुझी बाई लई शुद्ध बोलती,” फोन काढून देताना कौसाबाई म्हणाल्या. “हिला भाकरी येती का?”

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. भाकरी कौसाबाईंनीच थापली. मुक्ता फक्त जाळाकडे पाहत होती. तवा तापला की नाही, हे त्या पाण्याचा थेंब टाकून आवाजावरून ओळखत. वाढताना माझ्या ताटाच्या काठाला एक बोट लावून त्यांनी भाकरी बरोबर मध्यावर ठेवली. आमच्याकडे आई जेवताना ‘ते घे ना तिकडचे’ म्हणून बोट दाखवते आणि सगळे आपापले हात लांब करतात. त्या ‘तिकडचे’ला बोटाशिवाय काही अर्थ नसतो, हे मला इतकी वर्षे भाषेवर काम करून पहिल्यांदा जाणवले.

२५ आणि २६ ऑक्टोबर

शनिवारी मी नुसते ऐकले. कौसाबाई आणि मुक्ता एकमेकींना वस्तू कुठे आहे हे दिवसभरात त्रेचाळीस वेळा सांगतात, असे मी मोजले. ‘डावीकडे’ एकदाही नाही. ‘उगवतीच्या अंगाला’, ‘खालच्या अंगाला’, ‘मेढीच्या अंगाला’. विळा ‘मावळतीच्या भिंतीला’, शेळीची दोरी ‘वड्याच्या अंगाला’. घरात बसूनही ओढा कुठल्या बाजूला आहे, हे प्रत्येकाला माहीत.

मला वाटले, उत्तर सापडले. माणूस कितीही फिरला तरी पूर्व फिरत नाही. डावे-उजवे काढून टाकायचे, दिशा घालायच्या. फोनमध्ये होकायंत्र असतेच. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मी ओट्यावर बसून प्रोग्रॅम बदलला. अंगद दोनदा येऊन पडद्याकडे पाहून गेला.

“हे सगळं तुमी लिव्हता?”

“हो.”

“अन् एक अक्षर चुकलं तर?”

“चालत नाही.”

“मग आमच्यापेक्षा अवघड हाय,” तो म्हणाला. “आमचं एक कांडं चुकलं तर ऊस काय बोंबलत न्हाई.”

तेवढ्या वेळात एका कोंबडीने माझ्या उघड्या सॅकमध्ये अंडे घातले. ‘अंडे निळ्या सॅकमध्ये आहे,’ फोनने सांगितले, आणि त्या दिवशीचे ते एकमेव निर्विवाद यश ठरले.

कारण दुपारची परीक्षा कोसळली. पत्र्याचे छप्पर, लोखंडी पेटी, लोखंडी बाज : होकायंत्राची सुई या सगळ्यांना भुलली. फोनने पेटीजवळ एक पूर्व दाखवली, बाजेजवळ दुसरी. कौसाबाई मिठाच्या डब्यासाठी उगवतीला म्हणून निघाल्या आणि खुराड्याच्या दारात पोचल्या. आतून कलकलाट झाला.

“मुक्ते,” त्या हसू दाबत म्हणाल्या, “ह्या बाईचा सूर्व्या खुराड्यातून निगतो का काय?”

मुक्ता मात्र हसली नाही. मी वहीत लिहिले : पंधरा बरोबर, पाच चूक. शुक्रवारपेक्षाही दोनाने खाली. तरीही सवयीने बोलले, “पंधरा म्हणजे तसा पाऊण हिस्सा आहे, एवढ्या अडचणीत...”

“कोनत्या पाच?” मुक्ताने विचारले.

“काय?”

“चुकल्या त्या कोनत्या पाच?”

प्रयोगशाळेत हा प्रश्न मला कधीही कोणी विचारला नव्हता. तेथे पाच म्हणजे पाच. मी वही तिच्यापुढे धरली. मीठ, काठी, तवा, दस्ती. पाचवी वस्तू गोडेतेल. ‘पेटीच्या पूर्वेला’ म्हणून फोनने जी जागा सांगितली होती, तेथे आज नुसता पाण्याचा तांब्या होता.

“आज तांब्या हुता,” मुक्ता म्हणाली. मग आवाज खाली आणून, “ताई, माझं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वहीत पाच हायेत. माझ्या घरात आत्या एकच हायेत.”

मंगळवार दोन दिवसांवर होता.

त्या दिवशी उन्हे कलताना ती मला डोंगराच्या कडेला सीताफळे तोडायला घेऊन गेली. माझ्यावर ती रागावली नव्हती, हे दाखवायची तिची ही पद्धत असावी. इकडची सीताफळे झाडावर पाहिली की बाजारातली विसरावी लागतात. फळाच्या अंगावरच्या खवल्यांमधल्या भेगा पिवळट दिसू लागल्या की ते तोडायचे. ‘डोळा पडला’ असे म्हणतात. तोडताना मुक्ता बोलत राहिली : तिची मुलगी बीडला वसतिगृहात शिकते, गणितात तिला नेहमी चांगले गुण मिळतात, आणि उसाच्या फडात मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना खाली बघायचे नसते.

“भीती वाटत नाही?”

“फडात? न्हाई. तिथं हे असत्यात की खाली उभे. भीती हितं वाटती. घरात.”

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळचे साडेनऊ

सीताफळे कडब्यात घालून खोलीच्या कोपऱ्यात रचली होती. मी सकाळी मेढीजवळ बसून, आधार म्हणून काय घ्यावे याची यादी करत होते. माझे पुटपुटणे बहुधा मोठ्याने झाले असावे.

“असं न्हाई कळायचं तुला,” कौसाबाई म्हणाल्या. “ही दस्ती घे. डोळे बांध.”

मी बांधले.

“आता एक पिकलेलं सीताफळ आण मला.”

ज्या खोलीत मी तीन दिवस वावरले, ती एका क्षणात नाहीशी झाली. मी उठले आणि बाजेला गुडघा आपटला.

“थांब, थांब! कुठं निगालीस? आदी मेढ धर. धरली? तिला पाठ लाव. नीट, टाळूपस्तोर. आता उंबऱ्याकडनं वारं येतंय ते तोंडावर घे. आलं?”

“आले.”

“आता तुजा उजवा हात म्हंजी माजा उजवा हात. खाली सोड. काय लागलं?”

“पोते.”

“कसलं?”

“खरखरीत... शेंगांचे.”

“शाबास. त्याच्या काठानं चार पावलं. मेढ सुटली तरी पोतं सोडू नकु. गार लागलं का काही?”

“रांजण!”

“रांजणाच्या बुडाशी बस. आता कडबा तुज्या हाताखाली हाय. वरचं उचलू नकु, ते हिरवं हाय. हात आत घाल, जिथं ऊब लागंल तिथलं घे.”

मी हात आत घातला. कडब्यात खरोखर ऊब होती. हाताला लागलेले फळ दाबताच अंगठा किंचित आत गेला.

डोळ्यांवरची दस्ती काढायच्या आधीच मला माझी चूक कळली होती. आमचा प्रोग्रॅम सर्वांत जवळची किंवा सर्वांत उठून दिसणारी वस्तू आधाराला घेतो. कौसाबाई कधीही हलत नाही तिच्यापासून सुरुवात करतात. मेढीला पाठ लावली आणि वारा तोंडावर घेतला की दोघांची उजवी बाजू एकच होते; होकायंत्र लागत नाही. पुढचा प्रत्येक आधार हाताला लागणारा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्या विचारतात, ‘लागलं का?’ आमचा फोन एका दमात वाक्य संपवून मोकळा होत होता. तो कधी थांबलाच नव्हता.

“मावशी, तुम्ही हे कधी ठरवलं, असं सांगायचं?”

“ठरवायचं काय त्यात? मला सांगताना जे कमी पडायचं ते म्या दुसऱ्याला देते.”

काय हलते आणि काय हलत नाही, हे संगणकाला सांगणे कठीण नव्हते. तीन दिवसांत तिन्ही फोनांनी घराची चारशे बारा छायाचित्रे साठवली होती. ती एकमेकांवर ठेवून पाहिली. लाल बादली अकरा वेगवेगळ्या ठिकाणी होती. मेढ, चूल, उंबरा, रांजण आणि भिंतीतली देवळी, या पाच जागा प्रत्येक छायाचित्रात जिथल्या तिथे. आमच्या पुण्याच्या घरात प्रत्येक वस्तूला कप्पा आहे आणि कप्प्याला चिठ्ठी. येथे पाच गोष्टी स्थिर आणि बाकी सगळे संसाराबरोबर फिरते. तरी मी दिवसभरात चष्मा दोनदा शोधते आणि कौसाबाई एकदाही काठी शोधत नाहीत. शेंगांचे पोते मात्र यादीत बसेना. ते महिन्याभरात संपणार. मी ते वगळले.

एक गोष्ट उरली होती आणि ती मुक्ताने सांगितली.

“माहीत नसलं की गप बसायला शिकवा त्येला. माणसांना न्हाई जमत. मशीनला जमंल.”

हे तंत्राच्या दृष्टीने सोपे आहे. खात्री ठरावीक मर्यादेखाली गेली की ‘माहीत नाही’ म्हणायचे. पण आमच्या क्षेत्रात ‘माहीत नाही’ला शून्य गुण असतात आणि अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तराला एक. म्हणून सगळे प्रोग्रॅम अंदाज ठोकतात. माझाही ठोकत होता. ही मर्यादा वर नेली की चौऱ्याऐंशीचे सत्तर होतील, हे मला हिशेब न करता दिसत होते, आणि सत्तर घेऊन जानेवारीत मला कोणी व्यासपीठावर उभे करणार नव्हते. मी ओट्यावर प्रोग्रॅम उघडून बसले होते. समोर मुक्ता दोन गाठोडी बांधत होती. एकात अंगदचे कपडे. दुसऱ्यात काय भरावे, हे तिचे ठरत नव्हते. ती लुगडे आत ठेवत होती आणि परत काढत होती.

मी मर्यादा वर नेली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारचे चार

परीक्षा मुक्ताने घेतली. मला तिने ओट्यावर बसवले आणि तोंडाला हात लावून दाखवला : बोलायचे नाही. अंगद उंबऱ्यावर टेकून उभा. वस्तू तिने आधीच इकडेतिकडे केल्या होत्या, मला न सांगता.

“काडीपेटी,” कौसाबाई म्हणाल्या.

“मेढीला पाठ लावा,” फोन म्हणाला. “वारा तोंडावर घ्या. लावली का?”

“लावली बाई.”

“डाव्या हाताने भिंत गाठा. भिंतीत देवळी लागेल. लागली का?”

“लागली.”

“देवळीत, खालच्या काठाला.”

काडीपेटी वाजली. कौसाबाईंनी ती कानाजवळ हलवून खात्री केली. “आता जरा माणसावानी बोलाया लागली.”

मीठ सापडले. तवा, काठी, चार्जर सापडले. चष्म्याच्या काचा पुसायच्या निमित्ताने मी दोनदा डोळे मिटले. गोळ्यांच्या डबीला फोन थांबला. माझ्या अंदाजापेक्षा जास्त थांबला.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मुक्ताने पोत्याखालून डबी काढली. ती तिनेच तिथे दडपली होती. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचे पहिले हसू आले.

“खोटं न्हाई बोलली,” ती म्हणाली.

गोडेतेलाच्या वेळी मुक्ताने दोन सारख्या बाटल्या मागेपुढे ठेवल्या. एकीत तेल, दुसरीत पाणी. कौसाबाईंनी विचारले. अंगद उंबऱ्यावरून सरळ झाला. फोनने मेढ सांगितली, चूल सांगितली, आणि म्हणाला, “चुलीच्या मागे दोन बाटल्या आहेत. तेल कोणते, माहीत नाही.”

“वास घे म्हण,” कौसाबाई फोनला म्हणाल्या, आणि चुलीमागे बसून त्यांनी दोन्ही बाटल्यांची बुचे एकेक करून नाकाशी नेली. दुसरी उचलून मुक्ताच्या हातात दिली. तेल होते.

विसावी वस्तू संपली. मी वहीत लिहिले आणि मुक्ताने विचारायच्या आधीच तिला वाचून दाखवले : सतरा बरोबर, तीन ‘माहीत नाही’.

“अन् चूक?”

“एकही नाही.”

“एकबी न्हाई?”

“नाही.”

तिने वही माझ्या हातातून घेऊन स्वतः पाहिली. नंतर सासूकडे वळली. “आत्या, त्या तीनचं काय करचाल?”

“पारूला हाक मारीन.” पारूबाई म्हणजे शेजारच्या घरातली त्यांची चुलतजाऊ, ती भिंतीपलीकडून हा सगळा प्रकार ऐकत होती, हे तिच्या खोकल्यावरून कळत होते. “तिला काय काम हाय दिसभर?”

“मला लई कामं हायेत!” भिंत म्हणाली. “पण हाक मार.”

“अन् फवारणीचं औषिद घरात ठिवायचंच न्हाई. पारूच्या गोठ्यात ठिवा,” कौसाबाई पुढे म्हणाल्या.

“ठिवते,” मुक्ता म्हणाली. ती इतके बोलून बाहेर गेली, कारण रेंज ओट्याच्या टोकालाच येते. आम्हा सगळ्यांना तिचे एकाच बाजूचे बोलणे ऐकू आले. “हॅलो, मुकादम? व्हय. पूर्ण कोयता. व्हय, दोघंबी. सांगितलं ना, दोघंबी.”

अंगदने मेढीवर एक हलकीशी थाप मारली आणि शेळीला चारा घालायला निघून गेला.

कौसाबाई तेथेच बसून राहिल्या. मुक्ता आत आल्यावर त्यांनी विचारले, “कधी निगणार म्हणला मुकादम?”

“परवा सकाळी, आत्या.”

“बरंय,” त्या म्हणाल्या, आणि शेंगांचे पोते हाताने चाचपून जवळ ओढले.

३० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळ

बुधवारी मी एक फोन कायमचा कौसाबाईंच्या नावाने लावून दिला, दुसरा पारूबाईंना वापरायला शिकवला. मुक्ताने पाच महिन्यांचे पीठ, डाळ, तिखट, सगळ्यांच्या जागा ठरवल्या आणि प्रत्येक जागी सासूचा हात धरून नेला. धपाट्यांची एक चळत तिने मला बांधून दिली. त्यांतली निम्मी मी पुण्याला पोचेपर्यंत संपवली, हे येथे नमूद करते.

सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत आधीच सहा-सात कोयते बसलेले : भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि त्यांच्यावर माणसे. मुक्ता सासूच्या पाया पडली. कौसाबाईंनी तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, दंडांवरून हात फिरवत नेला आणि मनगटांशी थांबल्या.

“बांगड्या जास्त घातल्यास. फडात फुटत्याल. दोन काढून ठिव.”

“ऱ्हाऊ द्या आत्या.”

“मग फळीवर खाली बगू नकु.”

“न्हाई बगत.”

“माय, येतो,” अंगद म्हणाला, आणि आईने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

ट्रॅक्टर निघाला. कौसाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, एक हात चौकटीवर. गळ्यात फोन होता, पण त्याला त्यांनी काही विचारले नाही. मी त्यांच्या शेजारी उभी. वस्तीच्या वळणापर्यंत ट्रॉली मला दिसत होती. मुक्ताचा पदर वाऱ्याने उडत होता. मग झाडे आडवी आली.

“चिंचेपाशी वळला,” कौसाबाई म्हणाल्या.

मला नुसती घरघर ऐकू येत होती.

“आता वड्यात उतरला. बग, आवाज खाली गेला.” थोडे थांबून : “चढाला लागला. गेर टाकला त्यानं.” मग : “शाळेची भिंत. भिंतीवर आपटून आवाज परत येतो तिथं.”

मी कान दिला. भिंतीचा परतणारा आवाज मला आला की मी तो कल्पिला, हे सांगता येत नाही. त्यानंतर मला काहीच ऐकू येईना. एक कोंबडी पायांशी माती उकरत होती. मी सवयीने घड्याळ सुरू केले.

“बाभळबनाच्या अंगाला हाय,” त्या म्हणाल्या. “आता पिराच्या लिंबाखाली.” त्यांची मान अगदी हळू, कोणी धरून वळवावी तशी वळत होती. “लिंब सुटला. आता डांबरी लागंल. लागली. आता नेकनूरच्या अंगाला...”

त्या बोलायच्या थांबल्या तेव्हा मी घड्याळ बंद केले आणि वहीत शेवटची नोंद केली : मला ट्रॅक्टर ऐकू येईनासा झाल्यानंतर तो कुठे आहे हे कौसाबाई सांगत राहिल्या, तो वेळ, चार मिनिटे वीस सेकंद.